साठ जण उपाशी उठले पाहिजेत

"साठ माणसं उपाशी उठली पाहिजेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धपोटी नाही. उपाशी. जमेल ना तुला, शालन?"

मी आचाऱ्याची पोर. कार्यालयांच्या मागच्या अंगणात, चुलवणाच्या धुरात लहानाची मोठी झाले. गिऱ्हाइकांच्या एकेक तऱ्हा बघितलेल्या. कुणी म्हणायचं, व्याह्यांच्या पंगतीला रस्सा घट्ट वाढा आणि आमच्या पंगतीला पातळ. कुणी म्हणायचं, जिलबी अशी करा की तिसरी खाववू नये. पण माणसं उपाशी उठवा म्हणून सांगणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात तोवर जन्माला आलं नव्हतं. मला वाटलं, बाईंना ताप भरलाय.

"बाई, हे जेवणच आहे न्हवं?"

"जेवणच आहे. जगातल्या भुकेबद्दल."

मग त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. शंभर माणसं येणार. तिकिटं काढून येणार, आणि तो पैसा दुष्काळी भागातल्या अन्नछत्राला जाणार. दारात प्रत्येकानं डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. डब्यात दहा लाल, तीस पिवळ्या, साठ पांढऱ्या. लाल निघाली तर टेबलावर बसायचं, चादर घातलेल्या, आणि तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, वडे, सगळं हवं तेवढं खायचं. पिवळी निघाली तर बाकावर बसून भात-आमटी. आणि पांढरीवाल्यांनी जमिनीवर बसायचं. एक पळी कोरडा भात आणि ग्लासभर पाणी, विषय संपला.

"जगात अन्न असंच वाटलं जातं, शालन. लोकांना आकडे सांगून कळत नाही. एक दिवस पोटाला कळू दे." बाईंनी माझा हात धरला. "एक शीत जरी जास्त वाढलंस ना, तर सगळ्याचा विचका होईल. शब्द दे मला."

दिला. काय करणार? मी आईच्या पोटात आडवी होते म्हणे, तेव्हा याच बाईंनी मला ओढून या जगात आणलं. त्या बाईला नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

पण माझ्या जिवाला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईंचं बोलावणं आलं मंगळवारी, आणि सोमवारी संध्याकाळीच आबांनी अट घातली होती.

आमचे आबा म्हणजे जोती आचारी. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची, तेव्हा कोल्हापुरात ज्याच्या लग्नात जोती आचारी नाही त्याचं लग्न लोक अर्धवट झालं असं धरत. आबांची एक पळी होती, पितळी, हातभर दांड्याची, आज्याच्या काळातली. ती पळी ज्याच्या हातात, चुलवणावर हुकूम त्याचा. गुडघे गेले तशी आबांना ती कुणाला तरी देणं भाग होतं. उमेदवार दोन. एक मी, चोवीस वर्षांची, लग्नाला नकार देऊन बसलेली. दुसरा माझा चुलतभाऊ विलास, ज्याला मिशी होती. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं तेवढंच.

आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढलं पहिलं जेवण शालन एकटी करंल. एक जरी माणूस उपाशी उठलं, तर पळी विलासकडं."

आणि उपाशी उठलं की नाही हे कळायचं कसं, तर त्याचीही आबांची रीत ठरलेली. पंगत उठली की हात धुवायच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. डोक्याला फेटा, हातात काठी. येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पोरासोरालासुद्धा, एकच प्रश्न. "पोट भरलं का, पाव्हणं?" त्याचं "भरलं, आबा" ऐकल्याशिवाय काठी बाजूला व्हायची नाही. चाळीस वर्षांत त्या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळालं नव्हतं.

आता सांगा. माझं पहिलं जेवण, आणि त्यात साठ माणसं ठरवून उपाशी उठवायची. देवानं माझी चेष्टा करायचं ठरवलं होतं. बरं, हे काम सोडावं तर आखाड संपत आलेला. पुढं श्रावण, मग पितृपक्ष, लग्नं थेट तुळशीच्या लग्नानंतर. आणि मी काम सोडायची वाट बघत विलास टपून बसलेलाच. त्याला कुठून कुणास ठाऊक, चिठ्ठ्यांचं सगळं कळलं होतं.

"शालन, तुला न्हाई झेपायचं बघ. मला दे. मी उठवतो उपाशी."

"तुझ्या हातचं खाऊन तसंबी उपाशीच उठतील की!" मी म्हटलं, आणि रागारागात काम पक्कं करून टाकलं.

आबांना मात्र चिठ्ठ्यांचं सांगायचा धीर झाला नाही. गल्लीत सांगितलं. गल्लीचं मत एका मिनिटात ठरलं. बाई चिकट! गोदाक्का तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खायला घालायचं न्हाई तर माणसं बोलवायची कशाला ती? आणि वर जगाचं नाव सांगायचं!"

"अगं, जगात खरंच तसं आहे म्हणतात."

"जगात आसंल. कोल्हापुरात न्हाई."

रात्रभर डोकं खाजवल्यावर मला वाट सापडली. मी शब्द दिला होता तो कार्यक्रमाचा. कार्यक्रम कधी संपतो? आभार मानून झाले की. म्हणजे आभार होईतोवर माणसं बाईंची, आणि आभारानंतर माझी. आभार झाले की लगेच, आबांच्या दारापर्यंत कुणी पोचायच्या आत, सगळ्यांना परत खाली बसवायचं आणि पोटभर वाढायचं. बाईंचा शब्दही राहिला, आबांची अटही राहिली. मला माझंच कौतुक वाटलं.

तांबडा-पांढरा दहा माणसांचा करताच येत नाही, आबांच्या हंड्यात तो बुडाला पण लागत नाही. मी शंभर माणसांचा केला. फोडी दहा माणसांपुरत्याच, पण रस्सा दणकून. मटण न खाणाऱ्यांसाठी आमटी वाढवली. आणि भाकरीचं गोदाक्कानं अंगावर घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीत प्रत्येक घरातून थापायचा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत सहा टोपल्या भाकरी, वर ओली फडकी टाकून, कार्यालयाच्या कोठीघरात जाऊन बसल्या. शेजारी रश्श्याचा हंडा आणि आमटीचं पातेलं.

सात वाजता लोक यायला लागले. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, सराफ, सगळी बडी मंडळी. त्यात लाकडाच्या वखारीचे मालक शिंत्रे. शंभर किलोचा माणूस. आमच्याकडं जेवायला जायचं तर पोट रिकामं ठेवून जायचं हा शिरस्ता, आणि शिंत्रे शिरस्त्याला पक्के. सकाळपासून दोन कप चहावर होते. आत शिरल्या शिरल्या नाक वर करून म्हणाले, "पांढरा! जोती आचाऱ्याचा पांढरा! डब्यात हात घालू द्या मला आधी."

हात घातला. पांढरी निघाली.

"बदलून मिळंल का?"

"जगात बदलून मिळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंचा नियम होता, दारातून आत आलेल्या प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची. त्यात शिंत्र्यांचा ड्रायव्हर दस्तगीर आला होता गाडीची किल्ली द्यायला. बाईंनी त्याच्यापुढंही डबा धरला. बिचाऱ्यानं घाबरत घाबरत उचलली. लाल!

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते. थोड्या वेळानं मागून बाईंचा आवाज आला आणि माझं हसू तिथंच गोठलं. त्या कोठीघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी विलास. मिशीवर हात फिरवत.

"हे काय आहे, शालन?"

"बाई, ते... आभारानंतरचं."

"शब्द दिला होतास."

"आभार होईतोवर एक शीत जास्त वाढणार न्हाई, बाई. आईची शपथ. पण नंतर..."

"नंतर पोटभर मिळणार म्हटल्यावर कोण काय शिकणार?" बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "खऱ्या उपाशी माणसाला कुठं असतं गं आभारानंतर?"

त्यांचं खरंच होतं. त्यांनी कोठीघराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्या गेल्यावर विलास म्हणाला, "मी आपलं जे खरं हाय ते सांगितलं. खोटं बोलायला जमत न्हाई मला."

माझ्या हातात तेव्हा उलथनं होतं. ते मी खाली ठेवलं, एवढंच सांगते.

मग जेवण सुरू झालं. जेवण कसलं, तमाशा. वाढायला विलास आणि आमचा जुना वाढपी पांडबा. पांडबाची हयात आग्रह करण्यात गेलेली. त्याला दहा वेळा बजावलं होतं, एकच पळी. पण माणूस पानावर बसलेला दिसला की त्याचं तोंड आपोआप सुटायचं. "घ्या की! लाजताय काय? आपलंच घर हाय!" आणि दुसरी पळी पडायची. बाई धावत यायच्या, दुसरी पळी पानावरून परत भरून घ्यायच्या. एका प्राध्यापकाच्या पानावरून तर भात तीन वेळा आला आणि तीन वेळा गेला. शेवटी बाईंनी पांडबाला पाण्यावर नेमलं. तर तो पाण्याचाही आग्रह करायला लागला.

विलासचं मात्र काम चोख. आयुष्यात त्यानं कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं. प्रत्येकाच्या पानावर पळी उपडी करायच्या आधी तो ती काठाला घासून सपाट करायचा, आणि वर दोन शितं काढून घ्यायचा. साठ माणसं उपाशी उठवायची जबाबदारी जणू एकट्या त्याच्यावर होती.

शिंत्र्यांनी आपला भात दोन घासांत संपवला आणि समोर बघत बसले. समोर टेबलावर दस्तगीर.

"साहेब, मला न्हाई बसवत हितं. तुमी खाली आणि मी वर..."

"चिठ्ठी निघाली न्हवं तुझी? मग खा गप."

दस्तगीर वाटीकडं बघत बसला.

"पांढरा कसा झालाय?" शिंत्र्यांनी विचारलं.

"अजून तोंडाला लावला न्हाई, साहेब."

"अरे लाव की! निदान सांग तरी कसा झालाय!"

दस्तगीरनं डोळे मिटून घोटभर घेतला. "खसखस बारीक वाटलीया, साहेब. नारळाचं दूध ताजं हाय. वर मिऱ्याचा जरा असा झटका..."

"बास! बास कर, मुडद्या!" शिंत्रे ओरडले. "एक फोड टाकतोस का इकडं? नको. नको. बाई बघतीया."

टेबलावरच्या दहाही जणांची तीच गत. समोर नव्वद माणसं, त्यांतली साठ जमिनीवर, रिकाम्या पानाशी, आणि सगळ्यांच्या नजरा वाटीवर. असं खाल्लेलं अंगी लागत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. एका सराफीणबाईंनी घास उचलला आणि कुणी तरी आवंढा गिळल्याचा आवाज आला. घास खाली. वडे गार झाले. पांढऱ्या रश्श्यावर साय धरली. मी इतक्या जीव ओतून केलेलं जेवण दहा माणसांच्या पुढ्यात मरून पडलं, आणि मला भडभडून आलं.

मग दिवे मंद करून बाईंनी भिंतीवर चित्रं दाखवली. नकाशे, आकडे, कोटी कोटी माणसं. लोक बघत होते, पण खरं सांगू का, प्रत्येकाचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं. सगळ्यांना आशा होती की आता काही तरी येईल. कुणी तरी माना डोलावत होतं, कुणाच्या तरी पोटात गुरगुरत होतं. बाई मनापासून बोलत होत्या. त्यांचा आवाज मधेच कापत होता. एक पांढऱ्या चिठ्ठीवाल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, "घरी जाताना मिसळ खाऊ या."

आणि मग आभार झाले.

मी कुलपाकडं बघितलं. लोक उठले. आणि हात धुवायच्या दारात, खुर्ची टाकून, फेटा बांधून, काठी आडवी धरून आबा बसले होते. कधी येऊन बसले, आणि चिठ्ठ्यांचा खेळ किती बघितला, ते मला कळलंही नव्हतं.

सगळ्यांत पुढं शिंत्रे. पोरांच्या लग्नात, पुतण्यांच्या लग्नात, बारशात, या माणसानं आबांच्या काठीपुढं वीस वेळा तरी "भरलं, आबा" म्हटलं असेल.

"पोट भरलं का, पाव्हणं?"

शिंत्र्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग मान खाली घालून म्हणाले, "नाही, आबा."

"आं?" आबांनी कानामागं हात धरला.

"नाही भरलं."

चाळीस वर्षांत आबांना हे उत्तर मिळालं नव्हतं, त्यामुळं याच्यापुढं काय बोलायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काठी बाजूला केली नाही. मागच्याला विचारलं. "तुमचं?"

"नाही, आबा."

"तुमचं, वकीलसाहेब?"

"नाही."

गंमत बघा. इतका वेळ माणसं हसत होती, कुजबुजत होती, मिसळीचे बेत करत होती. पण त्या म्हाताऱ्याच्या समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून "माझं पोट भरलं नाही" म्हणायची वेळ आली, आणि एकेकाचा चेहरा पडत गेला. त्या मिसळवाल्या काकूंनी तर "नाही" म्हणताना डोळ्यांना पदर लावला. दार अडलेलं, रांग वाढत चाललेली, आणि हॉलमध्ये आवाज फक्त दोनच. भरलं का? नाही. भरलं का? नाही.

दस्तगीरची पाळी आली. आबांनी त्याच्या हातातली लाल चिठ्ठी बघितली. "तू तर टेबलावर हुतास की रं."

"उतरलं न्हाई, आबा. साहेब खाली बसून बघत हुतं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात मी त्या नजरेला एवढी कधी भ्याले नव्हते. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी हंड्यासकट आत जावं.

विलासनं हात पुढं केला. "आबा, अट."

"ध्यानात हाय अट," आबा म्हणाले, पण त्याच्याकडं बघितलं नाही. गर्दीच्या मागं डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. आबांनी काठी त्यांच्याकडं रोखली. "बाई, तुमचं?"

"आबा, हा कार्यक्रम आहे. जगात जी भूक आहे, तिची लोकांना जाणीव..."

"त्यातलं मला काय कळत न्हाई. पोट भरलं का?"

मला नंतर कळलं, आदल्या रात्रीपासून बाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. लोकांना उपाशी ठेवायचं तर आधी आपण, असा त्यांचा हिशोब. साठ वर्षांची ती बाई, अर्ध्या शहराच्या बाळंतपणांना उभी राहिलेली, शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "नाही, आबा."

"मग यांना घराकडं सोडायचं कसं?"

"पण जगात तर कुणी असं..."

"जगातली माझ्या दारातनं जात न्हाईत, बाई. जातील तवा त्यांनाबी इचारीन. ही जात्यात."

बाईंनी पर्स उघडली. आधी रुमाल निघाला, मग गोळ्यांचं पाकीट, मग गोळा करून ठेवलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत शेवटी किल्ली. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि स्वतःच खाली पान मांडायला बसल्या.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला अजून मजा येते. ना लाल, ना पिवळी, ना पांढरी. टेबलं भिंतीला लावली. शिंत्रे जमिनीवर, त्यांच्या मांडीला मांडी लावून दस्तगीर, त्याच्या शेजारी वकीलसाहेब. सहा टोपल्या भाकरी, हंडाभर रस्सा. टेबलावरच्या गार झालेल्या फोडी परत चुलवणावर चढवल्या आणि पंगतभर वाटल्या, कुणाला एक, कुणाला अर्धी. पांडबाला पाण्यावरून सोडवलं, तर तो असा सुटला की बाईंच्या पानात रस्सा मावेना. "घ्या की, बाई! लाजताय काय? आपलंच घर हाय!" बाईंनी तीन भाकरी खाल्ल्या. शिंत्र्यांच्या मी मोजल्या नाहीत, मोजू नयेत. पण हात धुवायला उठताना ते बाईंपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "त्या अन्नछत्राला तांदूळ कोण पुरवतंय? नाही म्हणजे, माझी एक गाडी महिन्याला तिकडं जाते."

दारात आबा. "पोट भरलं का, पाव्हणं?"

"भरलं, आबा." "भरलं." "तुडुंब!" "भरलं, आबा, पुढच्या वर्षीचं पण."

सगळे गेल्यावर विलास पुन्हा पुढं आला. "आबा, पहिल्यांदा तर सगळी उपाशी उठलीच की. अट मोडली म्हणायची."

"तू पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांना वाढत हुतास न्हवं?"

"व्हय. बाईंनी सांगितलं तेवढंच वाढलं. उलट दोन शितं कमीच."

"आणि समोर बसल्यालं माणूस दिसलं न्हाई तुला?"

आबा काठी टेकत उठले. हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "एक उपाशी हाय अजून."

हे ऐकल्याबरोबर विलासच्या जिवात जीव आला. "कोण? कोण हाय?" तो दोन्ही व्हरांडे बघून आला, बाहेर गाड्यांपाशी बघून आला, टेबलाखालीसुद्धा वाकला. इतक्या मायेनं उपाशी माणसाला कुणी शोधलं नसेल. "आबा, कुणीच न्हाई!"

आबांनी काठी माझ्याकडं केली.

खरंच की. पहाटे चारला चुलवण पेटवल्यापासून मी चमचाभर चाखण्यापलीकडं काही पोटात घातलं नव्हतं. मलाच आठवलं नव्हतं. मी हंड्यात बघितलं. हंडा चकचकीत. टोपल्यांत पिठाचा भुगा. राहिला होता फक्त पांढऱ्या चिठ्ठ्यांचा भात, पातेल्याच्या तळाशी, गार, कोरडा.

"विलास, पाणी आण जा," आबा म्हणाले. तो गेल्यावर ते पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसले, गुडघा चोळत.

"माझी आई मसाला वाटायला जायची. एका बड्या घरच्या लग्नात पहाटेपासनं वाटत हुती. पाचशे पान उठलं, तिच्या हातच्या मसाल्यावर. सांच्याला घरी आली आणि तांब्याभर पाणी पिऊन आडवी झाली. मी म्हटलं, आये, जेवली न्हाईस? मागितलं का न्हाईस? तर म्हणाली, कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

एवढंच बोलले. इतकी वर्षं मला वाटायचं, आबा दारात बसतात ते शाबासकी ऐकायला.

त्यांनी पान ओढलं, फेट्याच्या टोकानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं. पितळी पळीनं पातेल्याचा तळ खरवडून एक पळी भात माझ्या पानावर वाढला. सपाट केली नाही, चांगली शीग लावून. मी चिमूटभर मीठ घेतलं आणि खाल्लं. आबा बघत बसले होते. त्यांची नजर मात्र लागली नाही.

पान पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोट भरलं का, पाव्हणं?"

"भरलं" म्हणायला तोंड उघडलं होतं. सवयच ती. पण मग मी त्यांच्याकडं बघितलं आणि खरं ते सांगितलं.

"न्हाई, आबा."

आबा हसले. पळीचा दांडा माझ्याकडं करून ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"मग घे की," ते म्हणाले. "आपल्या हातानं वाढून घे."